बॉस्टनच्या आधी बेचाळीस वर्षे

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, घुमटाखाली, पायऱ्यापायऱ्यांची एक जुनी शस्त्रक्रियाशाळा जतन करून ठेवली आहे. तिला 'ईथर डोम' म्हणतात. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी तेथे विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने गिल्बर्ट अ‍ॅबट या तरुणाला ईथरची वाफ हुंगवली आणि डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्या जबड्याखालची गाठ कापली. रोगी किंचाळला नाही, त्याला बांधून ठेवावे लागले नाही. शस्त्रक्रियेतील वेदना माणसाने जिंकली ती या दिवशी, असे अमेरिकेतील शाळेत शिकणारी आपली मुले वाचतात आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना बॉस्टन दाखवताना आपणही तेच सांगतो.

यात खोटे काही नाही. पण ते पुरेही नाही. त्या दिवसाच्या बेचाळीस वर्षे आधी, जपानमधील एका खेड्यात, एका वैद्याने साठ वर्षांच्या एका बाईला वनस्पतींचा काढा पाजून बेशुद्ध केले आणि तिच्या स्तनातील कर्करोगाची गाठ कापून काढली. पूर्ण भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेची, जिच्याबद्दल खात्रीलायक कागदपत्रे उपलब्ध आहेत अशी ही पहिली नोंद मानली जाते. त्या वैद्याचे नाव हानाओका सेइशू. (जपानी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी.) त्या काढ्यातील मुख्य वनस्पती आपण गणपतीला पत्रीत वाहतो तो धोत्रा.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टरेट आहे, पण ती इंजिनिअरिंगमधली. वैद्यकाशी माझा संबंध रोगी या नात्यानेच. परंतु कामानिमित्त जपानला बऱ्याच वेळा जाणे झाले, तेथील सहकाऱ्यांमुळे त्यांच्या परंपरागत औषधांबद्दल कुतूहल निर्माण झाले आणि वाचता वाचता या गोष्टीने मला पकडून ठेवले. 'पहिला मान कोणाचा' हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. माझ्या मनात प्रश्न वेगळाच आला : इतकी मोठी गोष्ट साध्य झाल्यावर ती त्या खेड्याबाहेर, जगापर्यंत का पोचली नाही?

कांपो म्हणजे काय?

जपानच्या परंपरागत औषधपद्धतीला 'कांपो' म्हणतात. 'कान' म्हणजे चीनचे हान घराणे आणि 'हो' म्हणजे पद्धत. दोन्ही मिळून कांपो. गंमत अशी की हे नाव फार जुने नाही. सतराव्या-अठराव्या शतकात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरील डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपीय वैद्यक जपानमध्ये आले. त्याला 'राम्पो' म्हणजे डच पद्धत म्हणू लागले, तेव्हा जुन्या पद्धतीलाही वेगळे नाव द्यावे लागले. परका घरात आला की आपल्याला आपले नाव सांगावे लागते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहेच!

या पद्धतीचे मूळ चिनी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग या वैद्याचे ग्रंथ हा तिचा पाया. पण तिच्यात एक धागा आपलाही आहे. नारा येथे शोसोइन नावाचे लाकडी कोठार आहे. इ. स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो हिने दिवंगत सम्राटाच्या वस्तूंबरोबर साठ औषधी द्रव्ये तोदाइजी मंदिराला अर्पण केली. त्यांची यादी आजही आहे, आणि त्यांतील बरीच द्रव्येही तेथे शिल्लक आहेत. त्या यादीत 'कारिरोकु' आहे, म्हणजे आपली हरीतकी, हिरडा. 'हिहात्सु' आहे, म्हणजे पिप्पली, पिंपळी. संस्कृत शब्द चिनी मुखातून जपानी झाले आणि औषधाबरोबर नावही प्रवास करून गेले. पुढे ९८४ साली तान्बा नो यासुयोरी या राजवैद्याने 'इशिन्पो' हा तीस खंडांचा ग्रंथ संकलित केला. जपानमधील उपलब्ध वैद्यकग्रंथांत तो सर्वांत जुना. त्यात बुद्धाचा समकालीन वैद्य जीवक याच्या नावाने चालत आलेले उपचारही आहेत.

वेदनेकडे पाहण्याची कांपोची दृष्टी आपल्या वैद्यांना अनोळखी वाटणार नाही. 'डोकेदुखीला ही गोळी' असा सरळ हिशेब तेथे नसतो. रोगी सडपातळ की दणकट, त्याला थंडी वाजते की उष्मा होतो, पोट दाबून पाहिल्यावर ते मऊ लागते की ताठ, यावरून औषध ठरते. पोट तपासण्याचे हे तंत्र जपानी वैद्यांनी विशेष वाढवले. तेव्हा एकाच प्रकारच्या दुखण्याला दोन माणसांना दोन औषधे मिळू शकतात. स्नायूंच्या पेटक्याला पिओनी फुलाचे मूळ आणि ज्येष्ठमध, गारठ्याने वाढणाऱ्या दुखण्याला शोधन केलेला वचनाग, अशी त्यांची योजना. वचनाग हे जहाल विष. आपल्याकडे तो गोमूत्रात वा दुधात शिजवून शुद्ध करतात, जपानमध्ये उष्णतेने. दोन्हीकडे घडते तेच : त्यातील अ‍ॅकोनिटीन हे घातक द्रव्य तुटून पुष्कळ सौम्य होते.

मात्र या सगळ्या औषधांनी सुसह्य होते ती रोजची वेदना. सुरीची वेदना थांबवणे हे निराळेच काम होते.

हिरायामा गावचा वैद्य

हानाओका सेइशू यांचा जन्म १७६० चा. ओसाकाच्या दक्षिणेला किई प्रांतात, हल्लीच्या वाकायामा जिल्ह्यात, हिरायामा नावाचे खेडे आहे. तेथे त्यांचे घराणे वैद्यकी करी. १७८२ मध्ये ते शिकायला क्योतोला गेले. तेथे त्यांनी दोन गुरू केले. योशिमासु नान्गाई यांच्याकडे कांपोचा अभ्यास केला आणि यामातो केन्र्यू यांच्याकडे डच धर्तीची शस्त्रक्रिया. त्या काळी हे दोन पंथ एकमेकांकडे संशयाने पाहत. सेइशू यांनी मात्र पुढे स्वतःचे ब्रीदच ठरवले, त्याचा मथितार्थ असा : आतले वैद्यक आणि बाहेरचे वैद्यक एकच आहे, आणि सत्य शोधायचे ते जिवंत देहात.

तीनेक वर्षांनी ते गावी परतले. स्तनाचा कर्करोग त्यांच्या डोक्यात होता. त्या काळी जपानमध्ये अशी समजूत होती की स्तन हे स्त्रीचे मर्मस्थान; त्याला सुरी लावली की ती मरणार. पाश्चात्त्य वैद्य ही गाठ कापतात असे सेइशू यांच्या वाचनात आले होते. शिवाय बैलाने शिंग खुपसून छाती फाडलेल्या एका बाईवर त्यांनी उपचार केले आणि ती बरी झाली, अशीही हकीकत सांगतात. तेव्हा कापता येते हे त्यांना कळले होते. पण शुद्धीवर असलेल्या माणसाला कापायचे कसे?

हा प्रश्न किती भयंकर होता हे समजायला युरोपमधील एक उदाहरण पुरे आहे. फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकार बाईंवर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य होते नेपोलियनच्या सैन्यातील प्रख्यात लारे. भूल म्हणून बाईंना मिळाला तो मद्याचा एक पेला. पुढे बहिणीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यांनी तो अनुभव सांगितला आहे. ते पत्र लिहून पुरे करायला त्यांना कित्येक महिने लागले. बाई त्यानंतर २८ वर्षे जगल्या, हे लारे यांचे कौशल्य. पण त्या काळात जगातील सर्वांत चांगल्या शस्त्रवैद्याकडेही वेदनेवर उत्तर नव्हते. आणि जपानमधली ती शस्त्रक्रिया याच्या सात वर्षे आधीची आहे.

धोत्रा, वचनाग आणि सापकांदा

सेइशू यांच्या औषधाचे नाव 'त्सूसेनसान'. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर होऊन गेलेला चिनी वैद्य ह्वा तो एक चूर्ण मद्यातून देऊन रोग्याला बेशुद्ध करी अशी दंतकथा होती. कृती मात्र नष्ट झालेली. जपानमधील हाडवैद्य लोक सांधा बसवताना धोत्र्याचा उपयोग करीत, त्यांच्या कृती तोंडी चालत आलेल्या. सेइशू यांनी या सगळ्यांतून सुरुवात केली आणि प्रमाणे बदलत, द्रव्ये घालत-काढत सुमारे वीस वर्षे घालवली. १७९६ मध्ये त्यांचे स्नेही नाकागावा शूतेई यांनी लिहिलेल्या एका टिपणात या औषधाची चर्चा आहे, म्हणजे तोवर काम बरेच पुढे गेले होते.

अखेर जे प्रमाण ठरले त्यात धोत्रा आठ भाग आणि वचनाग दोन भाग. त्यांच्या जोडीला अँजेलिका व तिच्या जवळच्या, म्हणजे आपल्या ओवा-कोथिंबिरीच्या कुळातील, तीन वनस्पतींची मुळे प्रत्येकी दोन भाग. आणि थोडा 'तेन्नान्शो', म्हणजे पावसाळ्यात सह्याद्रीत नागाचा फणा काढून उगवणाऱ्या सापकांद्याचा भाऊबंद. हे सगळे वाटून, पाण्यात उकळून, गाळून पाजायचे. दोन ते चार तासांनी रोग्याची शुद्ध हरपे आणि सहापासून चोवीस तासांपर्यंत तो उठत नसे.

धोत्र्याचे जपानी नाव 'मांदाराके'. हा शब्द ऐकून कान टवकारले नाहीत तर आपण मराठी कसले? हा आपला मंदार! बौद्ध ग्रंथांत स्वर्गातून मांदारव फुलांची वृष्टी होते. त्या फुलाचे नाव चीनमध्ये कोणीतरी धोत्र्याला दिले आणि ते जपानपर्यंत गेले. आपल्याकडे मात्र मंदार म्हणजे पांढरी रुई. फूल एकाचे, नाव दुसऱ्याचे, असा हा हजार वर्षांचा घोटाळा आहे. जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या बोधचिन्हावर याच धोत्र्याच्या फुलाला जागा दिली आहे.

धोत्र्यात काम करतात ती स्कोपोलामीन आणि अ‍ॅट्रोपीन गटातील द्रव्ये. ती मज्जातंतूंमधील निरोप अडवतात. थोडी दिली तर तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात. जास्त दिली तर भ्रम, बेशुद्धी. त्याहून जास्त दिली तर मृत्यू. आणि 'थोडी' व 'जास्त' यांतील अंतर फार कमी. शिवाय झाडाझाडांत, ऋतूऋतूंत, बी आणि पान यांत द्रव्याचे प्रमाण वेगळे. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत वाटसरूला धोत्रा चारून लुटणाऱ्या टोळ्या होत्या. लुटले गेलेल्यांपैकी कित्येक पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हा वाचकहो, या लेखातील कोणतीही कृती घरी करून पाहण्याची नाही, हे वेगळे सांगायला नकोच. आधुनिक वैद्यक हेच स्कोपोलामीन मोजून-मापून वापरते. बोट लागू नये म्हणून क्रूझवर जाताना कानामागे चिकटवायची जी पट्टी डॉक्टर देतात, तिच्यात तेच असते.

दोन बायका आणि तिसरी

एवढे विषारी औषध माणसाला किती द्यायचे हे कसे ठरले? आधी कुत्र्या-मांजरांवर प्रयोग झाले. पुढे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सेइशू यांची आई ओत्सुगी आणि पत्नी काए या दोघींनी स्वतःवर प्रयोग करून घेतले. आई त्यात गेली आणि पत्नीची दृष्टी गेली. अ‍ॅट्रोपीन गटाच्या द्रव्यांनी बाहुली विस्फारते आणि काही डोळ्यांत आतला दाब एकाएकी वाढून काचबिंदूचा झटका येतो, ही गोष्ट आजचा कोणताही नेत्रतज्ज्ञ सांगेल.

१९६६ मध्ये आरियोशी सावाको या लेखिकेने या दोघींवर 'हानाओका सेइशूची पत्नी' या नावाची कादंबरी लिहिली, पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला, आणि सेइशू यांचे नाव जपानमध्ये घरोघरी झाले. कादंबरीत सासू-सुनांची चुरस आहे : मुलासाठी, नवऱ्यासाठी अधिक त्याग कोण करते? वरवर पाहता घराण्याच्या कीर्तीची कथा. आत पाहिले तर, ज्यांच्या देहावर ती कीर्ती उभी राहिली त्यांचे काय, हा प्रश्न. सासू-सून हा विषय आपल्याला परका नाही; म्हणून तर तो मला वाचताना इतका टोचला. ज्या घरात 'नाही' म्हणण्याची सोयच नाही, तेथे 'स्वखुशीने' या शब्दाचा अर्थ काय उरतो? आज औषधाची चाचणी करताना संमतिपत्र, देखरेख समिती, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, हे जे सोपस्कार असतात त्यांचा आपण कंटाळा करतो. काए यांच्या डोळ्यांकडे पाहून तो करू नये.

तिसरी बाई म्हणजे कान. यामातो प्रांतातील गोजो गावच्या व्यापारी घरातील साठ वर्षांची ही बाई स्तनातील गाठ घेऊन सेइशू यांच्याकडे आली. बुंका शकाच्या पहिल्या वर्षी, दहाव्या महिन्याच्या तेराव्या तिथीला तिची शस्त्रक्रिया झाली. पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत ही तारीख '१३ ऑक्टोबर १८०४' अशी छापलेली आढळते. पण जपानी महिना तेव्हा आपल्यासारखाच चांद्र होता, त्यामुळे इंग्रजी दिनांक येतो १४ नोव्हेंबर १८०४. काढा घेऊन कान निजली, सेइशू यांनी गाठ कापून काढली, आणि ती जागी झाली. आजार बराच पुढे गेलेला होता. साडेचार महिन्यांनी ती वारली. शस्त्रक्रियेचे वर्ष पूर्वी १८०५ समजले जाई. तिच्या गावच्या देवळातील मृत्यूच्या नोंदवहीने ते दुरुस्त झाले. पहिल्या रुग्णाच्या मृत्यूची ही तारीख मला सेइशू यांच्या यशाइतकीच मोलाची वाटते. नोंद होती म्हणून दोनशे वर्षांनी दुरुस्ती करता आली!

यानंतर रोगी येतच राहिले. सेइशू यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या दीडशेहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या नावांची यादी ठेवली. ज्या थोड्यांच्या मृत्यूच्या तारखा संशोधकांना नंतर सापडल्या, त्यांतील एक शस्त्रक्रियेनंतर आठच दिवस जगली आणि एक तब्बल एकेचाळीस वर्षे.

रक्ताची शपथ

सेइशू यांच्या घराला व पाठशाळेला 'शुन्रिन्केन' म्हणत. ती वास्तू हिरायामाच्या परिसरात आजही पाहता येते. किशूच्या दाइम्योने त्यांना सामुराईचा दर्जा दिला, तरी ते गाव सोडून दरबारी गेले नाहीत. जपानच्या जवळजवळ सगळ्या प्रांतांतून हजारावर विद्यार्थी त्यांच्याकडे आले. म्हणजे विद्या शिकवण्यात त्यांनी कंजूषी केली नाही. पण प्रत्येक विद्यार्थ्याला शपथपत्रावर आपल्या रक्ताचा ठसा उमटवावा लागे : येथे जे शिकलो ते बापाला, भावालाही सांगणार नाही. सेइशू यांनी स्वतः काहीच छापले नाही. आज जे आहे ते विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांतून.

याला त्यांचा स्वार्थच कारण होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे औषध अननुभवी हातात पडले तर माणसे मरतील, ही भीती खरी होती. घराण्याची विद्या घराण्यात ठेवणे हा काळाचाही रिवाज होता. पण परिणाम काय झाला? होन्मा गेन्चो या त्यांच्या शिष्याने १८३७ च्या 'योका हिरोकु' या ग्रंथात गुरूची तंत्रे जाहीर केली. सेइशू दोनच वर्षांपूर्वी, १८३५ मध्ये, वारले होते. गेन्चो यांचे नाव शिष्यमंडळातून काढून टाकण्यात आले. याच गेन्चोंनी १८५७ मध्ये त्सूसेनसान देऊन सडलेला पाय मांडीपासून कापून एका रोग्याचा जीव वाचवला.

विद्या लपवण्याच्या या रिवाजाची आणखी एक कथा आहे. हाबु गेन्सेकी हे एदोचे, म्हणजे आताच्या तोक्योचे, शोगुनच्या पदरी असलेले नेत्रवैद्य. १८२६ मध्ये डच वखारीचे वैद्य सीबोल्ड एदोला आले असता त्यांच्याकडे बाहुली विस्फारणारे औषध असल्याचे हाबुंनी पाहिले आणि ते कशापासून होते हे विचारले. त्याच्या मोबदल्यात हाबुंनी त्यांना शोगुनचे राजचिन्ह असलेले वस्त्र दिले. असे वस्त्र परक्याला देणे हा गुन्हा. १८२८ साली ते उघडकीला आले आणि हाबुंचे पद व मालमत्ता गेली. सीबोल्डनी सांगितलेली वनस्पती होती जपानच्याच डोंगरात उगवणारी 'हाशिरिदोकोरो', धोत्र्याच्याच कुळातली. आपल्याच अंगणातील झाडाचा गुण विचारायला माणसाला सर्वस्व द्यावे लागले!

आता पुन्हा अमेरिकेत येऊ. येथेही पहिला मॉर्टन नव्हताच. जॉर्जिया राज्यात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरांनी ३० मार्च १८४२ रोजी ईथर देऊन एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढली होती. मात्र त्यांनी ते प्रसिद्ध केले १८४९ मध्ये, तोवर जगाने बॉस्टनचे नाव लिहून टाकले होते. (लाँग यांच्या त्या दिवशी, ३० मार्चला, अमेरिकेत 'डॉक्टर्स डे' पाळतात.) आणि मॉर्टन? त्याने तर ईथरला रंग आणि सुवास लावून, 'लेथिऑन' नाव देऊन त्याचे पेटंट घेतले. हॉस्पिटलच्या शस्त्रवैद्यांनी ठणकावले की हे काय आहे ते सांगितल्याशिवाय आम्ही वापरणार नाही, तेव्हा त्याला सांगावे लागले. नोव्हेंबर १८४६ मध्ये हेन्री बिगेलो यांनी तेथल्या वैद्यकीय नियतकालिकात सगळा वृत्तांत छापला, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी लंडनमध्ये ईथरखाली पाय कापला गेला.

सांगायचा मुद्दा असा की लोभ पूर्वेलाही होता आणि पश्चिमेलाही. फरक होता तो त्या हॉस्पिटलच्या हट्टात आणि त्या छापील पानात. अर्थात ईथरला आणखी एक सोय होती : ते मिनिटांत चढते, नळी काढली की उतरते, त्यामुळे मात्रा हातात राहते. काढा एकदा पोटात गेला की गेला. शिवाय जपानची दारे परदेशांना बंद होती. पण दारे बंद असली तरी पुस्तके डच जहाजांतून आत येतच होती. ईथरवरचे युरोपीय पुस्तक १८५० मध्ये सुगिता सेइकेई यांनी जपानीत आणले आणि 'मासुई' हा भूल देण्यासाठी आजही जपानमध्ये रूढ असलेला शब्द घडवला. जपानला भुलेचा शब्द मिळाला तो परक्या पुस्तकाच्या भाषांतरातून, हिरायामाच्या वैद्याकडून नव्हे!

अस्त आणि पुन्हा उदय

१८६८ नंतर मेइजी राजवटीने जर्मन धर्तीचे वैद्यक स्वीकारले. १८७४ च्या वैद्यकीय नियमावलीपासून परवाना परीक्षा पाश्चात्त्य विषयांची झाली. कांपोच्या वैद्यांनी झगडा केला, पण १८९५ मध्ये त्यांचा कायदा संसदेत फेटाळला गेला. जुने वैद्य एकेक करून गेले की परंपरा संपणार, हे उघड होते.

ती वाचली याचे श्रेय काही आधुनिक डॉक्टरांनाच आहे. कायद्याने परवाना पाश्चात्त्य शिक्षणाला बांधला होता, परंतु परवाना असलेल्या डॉक्टरने कोणती औषधे लिहावीत यावर बंदी नव्हती. १९१० मध्ये डॉ. वादा केइजूरो यांनी कांपोच्या बाजूने एक खणखणीत पुस्तक लिहिले. १९२७ मध्ये डॉ. युमोतो क्यूशिन यांचा मोठा ग्रंथ आला. दुसरीकडे, नागाई नागायोशी या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये कांपोतील 'माओ' या वनस्पतीतून एफेड्रीन वेगळे काढले होते. मणक्यात भूल दिल्यावर घसरणारा रक्तदाब सावरायला भूलतज्ज्ञ हेच द्रव्य वापरत आले आहेत. जुन्या औषधाची वाट अशी पुन्हा शस्त्रक्रियागृहाकडे गेली.

१९७६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याने कांपोची अर्कचूर्णे मोठ्या प्रमाणावर मान्य केली. आज त्यांची संख्या १४८ आहे. २००१ पासून त्यांची तोंडओळख वैद्यकीय अभ्यासक्रमात आहे. आपल्याकडे आयुर्वेदाची पदवी वेगळी, परवाना वेगळा. जपानमध्ये कांपो लिहून देणारा डॉक्टर हा एकच परवाना असलेला डॉक्टर असतो. त्यामुळे एकाच टेबलावर एमआरआयचा फोटो आणि पिओनीचे चूर्ण दिसू शकते. त्या १४८ मध्ये मलम फक्त एक आहे, 'शिउन्को'. भाजणे, मूळव्याध यांवर लावायचे हे जांभळट मलम तिळाचे तेल आणि मेण यांत दोन मुळ्या मुरवून करतात. ते सिद्ध केले हानाओका सेइशू यांनी. भुलेचा काढा इतिहासजमा झाला, मलम मात्र दुकानात आहे.

माझ्या एका जपानी सहकाऱ्याच्या टेबलाच्या खणात 'अडुसष्ट' नेहमी असे. त्सुमुरा कंपनीच्या पुड्यांना क्रमांक असतात. अडुसष्ट म्हणजे 'शाकुयाकु-कान्झो-तो', वर सांगितलेले पिओनी आणि ज्येष्ठमध यांचे मिश्रण. पोटरीत पेटका आला की तो एक पुडी तोंडात टाकी. अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील औषध, पुडीवर क्रमांक, आत अचूक वजन, सोबत दुष्परिणामांचा कागद! त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते की ज्येष्ठमध जास्त झाल्यास रक्तातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. हे शहाणपण फुकट आलेले नाही. यकृताच्या विकारावर सर्रास दिल्या जाणाऱ्या 'शो-साइको-तो' या कांपो औषधाने फुप्फुसांचा गंभीर विकार होतो असे दिसले. १९९६ मध्ये सरकारने तातडीचा इशारा दिला तेव्हा दोन वर्षांतील ८८ रुग्ण आणि १० मृत्यूंची नोंद पुढे आली. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' हे वाक्य त्या दिवसापासून जपानमध्ये कोणी सहज बोलू शकत नाही.

आपल्यासाठी

या गोष्टीत मी गुंतलो त्याला एक घरगुती कारणही आहे. माझी आजी कोकणात एका तेलासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. गुडघे धरलेली माणसे चालत, गाडीने तिच्याकडे येत. निर्गुडी त्यात होती, एरंडेल होते, लसूण होता. आणखी तीन-चार जिनसा ती दार लावून घालत असे. आईने विचारले, काकूने विचारले. उत्तर एकच : "सांगितलं की औषधाचा गुण जातो." आजी गेली, तेलही गेले. ते खरोखर गुणकारी होते, की आजीच्या हातांच्या चोळण्याचा तो गुण होता, हे तपासायची वाटही तिच्याबरोबर बंद झाली. तिला दोष देत नाही. तिच्या सासूने तिला तसेच सांगितले होते.

परदेशात राहून आपण आपल्या परंपरेबद्दल दोन टोकांना बोलतो. एक म्हणतो, सगळे आमच्या ग्रंथांत आधीच होते. दुसरा म्हणतो, सगळी अंधश्रद्धा. हिरायामाचा वैद्य या दोघांनाही अडचणीचा आहे. दुसऱ्याला तो दाखवतो की धोत्र्याच्या काढ्याने बॉस्टनच्या आधी माणसे वेदनेशिवाय कापली गेली. पहिल्याला तो विचारतो, मग ते जगाच्या उपयोगी का नाही पडले? १८०४ पासून १८४६ पर्यंतच्या बेचाळीस वर्षांत जगभर किती माणसे दोरीने बांधून, तोंडात चामड्याचा तुकडा कोंबून कापली गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आमच्या धंद्यात एखाद्याने उत्तम प्रोग्रॅम लिहिला आणि तो कसा चालतो हे कुठेच लिहून ठेवले नाही, तर तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर तो प्रोग्रॅम फेकून नव्याने लिहावा लागतो. औषधाचेही तेच. म्हणून एक सुचवावेसे वाटते. या वर्षी भारतात जाल तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांना त्यांची औषधे विचारा आणि लिहून घ्या : कोणते झाड, कोणता भाग, किती, कशात, कोणाला दिले, आणि कोणाला गुण आला नाही. हे शेवटचे विसरू नका. प्रयोग करू नका, विषारी जिनसांना हातही लावू नका. नुसते लिहा, आणि वनस्पतिशास्त्र वा वैद्यक शिकवणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. त्यातील पुष्कळसे निरुपयोगी निघेल. निघू दे. निरुपयोगी ठरण्यासाठीही ते आधी कागदावर असावे लागते.